मूल वाचतं व्हावं म्हणून : अक्षरओळखीपासून पुस्तकाच्या नादापर्यंत

जून महिन्यात आमच्या वाचनालयाच्या बालविभागात नवे पालक येतात. मुलाचं नाव नोंदवतात, अनामत भरतात आणि पावती फाडून होईपर्यंत हमखास म्हणतात, "वाचनाची गोडी लागेल असं एखादं पुस्तक द्या ना हिला." मुलगी पहिलीतली, नाहीतर दुसरीतली. पुस्तक देण्याआधी मी तिला हाताशी असलेलं कुठलंही एक पान वाचायला सांगते. बऱ्याचदा तिथेच खरं दुखणं कळतं. गोडीचा प्रश्न नसतोच. पोरीला अजून एक ओळ वाचतानाच दम लागत असतो. दम लागत असताना गोडी कसली लागणार?

अक्षरं कळायला लागल्यापासून न अडखळता वाचता येईपर्यंत साधारण दोन-तीन वर्षं जातात. माणूस पुढे जन्मभर वाचणार की नाही, याचा बराचसा निकाल याच काळात लागतो असं माझं मत आहे, आणि त्याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत अ‍ॅन कनिंगहॅम आणि कीथ स्टॅनोविच यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिलीत ज्यांचं वाचन तपासलं होतं, त्याच मुलांना अकरावीत गाठून पुन्हा तपासलं. पहिलीत ज्यांना वाचन लवकर जमलं होतं ती दहा वर्षांनी जास्त वाचत होती, आणि बुद्धिमत्तेचा फरक हिशेबातून वगळला तरी हा संबंध टिकत होता. सोपं वाटतं म्हणून मूल वाचतं, वाचतं म्हणून आणखी सोपं होतं. उलट्या दिशेनंही हेच चक्र फिरतं. दिलासा असा की, पहिलीत मागे राहिलेलं मूल तिसरी-पाचवीपर्यंत सावरलं तर त्याचं पुढचं वाचन फारसं अडत नाही. म्हणजे घाई नको, पण या वर्षांत दुर्लक्षही नको.

पुढच्या पायऱ्या पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या आईबाबांसाठी आहेत. आजी-आजोबांनीही वाचायला हरकत नाही. बऱ्याच घरांत हे काम तेच करतात.

पहिली पायरी : अक्षरांच्या आधी कान

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. समजून वाचणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा कळणं. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. आपण सगळा जोर अक्षरांवर देतो आणि भाषा आपोआप येईल असं धरून चालतो. ती येते, पण बोलून आणि ऐकून. "चल, ऊठ, दूध पी, दप्तर घे" एवढ्यावर नाही येत.

म्हणून पाच वर्षांपर्यंत एकच काम : गोष्टी सांगा, गाणी म्हणा, पुस्तकं वाचून दाखवा. चिऊताईचं मेणाचं घर आणि काऊदादाचं शेणाचं घर ही गोष्ट पिढ्यानपिढ्या टिकली ती उगाच नाही. काऊ दार ठोठावतो आणि चिऊ दर वेळी म्हणते, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊमाखू घालू दे." तिसऱ्यांदा मूलच चिऊचं वाक्य म्हणू लागतं. पुढे काय येणार याचा अंदाज बांधणं हे वाचकाचं पहिलं कौशल्य, आणि ते अक्षरओळखीच्या कितीतरी आधी येतं.

चित्रांचं पुस्तक घेऊन बसलात तर प्रश्न जरा सांभाळून विचारा. "हे काय आहे?" – "मांजर." संपलं बोलणं. त्याऐवजी "हे मांजर इतक्या घाईनं कुठे निघालं असेल?" असं विचारून गप्प बसा. मूल म्हणेल, "आईकडे." मग तुम्ही म्हणा, "हो, आणि बघ, शेपटी कशी वर केलीय. घाबरलंय का?" ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हीच पद्धत पालकांना शिकवून पाहिली. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं, नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेलं होतं. एकच पुस्तक रोज रात्री आणून दिलं तर कंटाळा तुम्हाला येईल, मुलाला नाही. वाचा परत.

घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोंडी किंवा कोरकू बोलत असाल तर गोष्टी त्याच बोलीत सांगा. 'शुद्ध' मराठी लवकर यावं म्हणून आईनं आपली बोली सोडली की मुलाच्या वाट्याला तुटक, पुस्तकी चार वाक्यं येतात आणि खरी भरघोस भाषा घराबाहेर राहते.

एक खेळ मात्र आवर्जून खेळा, आवाजांचा. स्वयंपाक करता करता : "'क'नं सुरू होणारं इथे काय काय आहे?" कढई, कांदा, काकडी, कुकर. हे जमलं की पुढचा : "परातीतला 'प' पळाला, तर काय उरलं?" रात. "कपाटातला 'क' गेला?" पाट. यात वही-पेन्सिल लागत नाही. शब्द हे सुट्या आवाजांचे बनलेले असतात हे कानाला कळलेलं मूल अक्षरांशी फार झगडत नाही.

दुसरी पायरी : अक्षरं, पण कुठल्या क्रमानं?

वर्णमालेचा क्रम सुंदर आहे. कंठापासून ओठांपर्यंत आवाज कुठून निघतो त्या हिशेबानं तो लावलाय. पण पाच वर्षांच्या पोराला त्याचा उपयोग नाही. क, ख, ग, घ, ङ पाठ झाल्यावर त्यातून वाचता येण्यासारखा शब्द कुठला? महिनोन्‌महिने अक्षरं गिरवायची आणि वाचायला काहीच नाही, हा प्रकार कंटाळवाणा असतो.

थोडी अक्षरं घ्या आणि लगेच शब्द करा. क, म, र, ल आणि काना एवढं पुरतं : काका, मामा, काम, मका, लाल, कलम, कमाल. आणि यातूनच एक पूर्ण वाक्य निघतं : "मामा, काम कर." हे वाक्य स्वतःच्या बळावर वाचल्यावर पोरांना जे हसू फुटतं ते बघण्यासारखं असतं. मामा घरात असतील तर बघायलाच नको. मग दुसरा गट घ्या. मुलाच्या नावातली अक्षरं पहिल्या दोन गटांत बसवा. त्याला सगळ्यात आधी तीच हवी असतात.

सारखी दिसणारी अक्षरं एकत्र शिकवू नका. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, थ आणि य, ट-ठ-ढ. जोडीतलं एक पक्कं होऊ द्या, काही आठवडे जाऊ द्या, मग दुसरं आणा. दोन्ही शेजारी ठेवून "बघ, हा फरक" असं समजावलं की मोठ्यांना समाधान मिळतं आणि मुलाचा गोंधळ कायमचा होतो.

आपल्या लिपीत काही अवघड जागा आहेत, त्या मोठ्यांच्या लक्षातही येत नाहीत इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात. 'कि' लिहिताना वेलांटी क-च्या आधी दिसते, पण तोंडानं आधी क म्हणायचा. 'पर्वत'मधला रफार व-च्या डोक्यावर बसतो आणि उच्चार मात्र व-च्या आधी. 'कमळ' सुटं सुटं म्हटलं की शेवटी एक अ ऐकू येतो, आणि बोलताना तो आपण गिळून टाकतो. 'चूल' आणि 'चहा' यांत अक्षर एकच, आवाज दोन. 'जुना' आणि 'जेवण' यांचंही तेच. 'गंगा', 'घंटा', 'आंबा' या तिघांत टिंब सारखंच, नाकातला आवाज वेगळा. मूल इथे अडखळलं तर तो त्याचा ढिलेपणा नसतो. नियम सांगत बसू नका. शब्द म्हणून दाखवा आणि पुढे चला, चार-सहा वेळा भेटला की बसतो.

बाराखडी धरून मोजलं तर आपल्याकडे चारशेहून जास्त अक्षररूपं होतात, जोडाक्षरं आणखी वेगळी. इंग्रजीची सव्वीस अक्षरं सहा महिन्यांत संपली म्हणून मराठीचीही संपतील असा हिशेब करू नका. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात (२००७) दिसलं की, अशा लिपीत अक्षरांची ओळख पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत चालू राहतं. आपली लिपी त्याच घराण्यातली. जोडाक्षरं दुसरीवर ढकलली तरी चालतात, आणि सुरुवात रोजच्या शब्दांनी करा : चप्पल, दप्तर, रस्ता, बिस्कीट.

लिहिणं आणि वाचणं थोडं वेगळं ठेवा. पाच वर्षांच्या बोटांत ताकद कमी असते. दहा ओळी काढायला लावल्या की डोळ्यांना जमत असलेलं काम हातामुळे नकोसं होतं. रोज दहा-पंधरा मिनिटं वाचन, लेखन जमेल तेवढं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पालकांसाठी : शाळेत हिंदी सुरू झाली की देवनागरी फुकटात मिळते. वर फक्त ळ, मराठी वळणाचे ल आणि श, आणि 'दऱ्या', 'कुऱ्हाड' यांतला ऱ एवढीच भर घालायची असते. अमेरिका-युरोपात महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आहेत, पण आठवड्यातल्या त्या दीड-दोन तासांवर विसंबू नका. तिथे अक्षरं येतील, शब्दसंपत्ती मात्र घरच्या जेवणाच्या टेबलावरच यावी लागते.

तिसरी पायरी : अडखळण्याची वर्षं

सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात, आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. कारण मोठ्यांच्या दृष्टीनं मुलाला 'वाचता येतं'.

दुसरीतलं एक मूल वाचतंय. वाक्य आहे : "मांजर खिडकीत बसून पावसाकडे बघत होतं." ते म्हणतं, "मां… जर. खि… ड… खिड… की… त, खिडकीत. ब… सून…" 'पावसाकडे'पर्यंत पोचताना चेहरा लाल झालेला. सगळं बरोबर वाचलं. आता विचारा, "कोण बघत होतं?" मूल तुमच्याकडे बघत राहतं. मांजर कधीच निसटलेलं असतं. सगळं लक्ष अक्षरं सोडवण्यात खर्च झालं, गोष्टीसाठी काही उरलंच नाही. अशा वाचनात मजा येत नाही म्हणून मुलाला बोल लावणं अन्यायाचं आहे. मांजर, पाऊस, खिडकी यांतलं त्याच्या हाती काही लागलेलंच नाही.

यावर उपाय एकच, सोपं वाचन भरपूर करणं. कठीण पुस्तकानं वाचन सुधारतं ही समजूत पालकांत फार घट्ट आहे आणि तिनं पुष्कळ नुकसान केलंय. तिसरीतल्या मुलाच्या हातात पहिलीच्या वयाचं पुस्तक दिसलं की आई दटावते, "हे काय बाळबोध घेतलंस? मोठं घे." राहू द्या. तेच हवंय त्याला.

पुस्तक पेलणारं आहे की नाही हे बघायला पाच बोटांची युक्ती वापरा. मधलं एखादं पान उघडा, मुलाला वाचू द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपा. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आत्ता तुम्ही वाचून दाखवायचं. एक-दोन मिटली तर त्यानं एकट्यानं वाचायचं. मधल्या पुस्तकांसाठी जोडी लावा : एक पान तू, एक पान मी. संवाद असतील तर पात्रं वाटून घ्या. दमलेल्या मुलाला तुमच्या पानावर विसावा मिळतो आणि गोष्टही पुढे सरकत राहते.

चुका किती दुरुस्त करायच्या? 'आई म्हणाली'ऐवजी 'आई बोलली' वाचलं तर सोडून द्या. अर्थ शाबूत आहे, म्हणजे मूल समजून वाचतंय. पण "माझा हात धर"चं "माझा हात घर" झालं, तर लगेच तोंडात शब्द घालू नका. तीन-चार सेकंद थांबा. बहुतेकदा मूल स्वतःच अडतं, मागे जातं, "धर!" म्हणतं. नाहीच अडलं तर वाक्य संपल्यावर विचारा, "हात घर? असं म्हणतो का आपण?" आपली चूक आपल्याच कानाला खटकणं, हे ज्याला जमलं त्याला पुढे शिकवायची फारशी गरज उरत नाही.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मूल वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका. "आता तुला येतंय ना, मग तूच वाच," हे वाक्य घरोघरी पहिली-दुसरीत ऐकू येतं. मुलाच्या बाजूनं याचा अर्थ काय होतो बघा. कालपर्यंत आईच्या कुशीत बसून राक्षस, राजकन्या, जंगलं, जहाजं मिळत होती. आज स्वतः वाचायला लागल्याबद्दल मिळालं काय, तर "कमल नळावर जा." दर्जा घसरला, कूसही गेली. कानाला कळणारी गोष्ट आणि डोळ्यांना झेपणारी गोष्ट यांत या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर असतं. ते बुजेपर्यंत मोठ्या गोष्टी तुम्हीच पुरवायच्या. म्हणजे ओढून-ताणून वाचताना मुलाला ठाऊक असतं की पुस्तकांत पुढे काय काय ठेवलंय. चौथी-पाचवीपर्यंत वाचून दाखवायला काहीच हरकत नाही, आणि नवी मोठी गोष्ट नेमकी रंगात आली की थांबायलाही हरकत नाही. झोपायची वेळ झाली म्हणून पुस्तक मिटून तसंच उशाशी ठेवा. काही मुलं दिवा लावून पुढचं पान स्वतः उघडतात. ते दिसलं तरी दिसलं नाही असं करा.

टीव्ही आणि मोबाईल घरात असणारच, तर त्याचाही उपयोग करून घ्या. गाण्याचे मराठी शब्द पडद्यावर खाली उमटत असतील तर डोळे आपोआप त्यांच्यामागे जातात. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून याच कल्पनेवर काम केलं : गाणं ज्या भाषेत, शब्दही त्याच भाषेत. मूल गाणं म्हणता म्हणता वाचतं, आणि आपण वाचतोय याचा त्याला पत्ता नसतो.

प्रगती मोजायची हौस असेल तर 'असर' सर्वेक्षणाची शिडी घरी वापरता येते. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून देशभर हे सर्वेक्षण करते. त्यात अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्या असतात. मूल कुठल्या पायरीवर आरामात उभं आहे ते बघा, पुस्तक तिथलंच द्या. शेजारच्या मुलाची पायरी विचारू नका.

चौथी पायरी : पुस्तकं आणायची कुठून

विकत घेण्याआधी वाचनालय गाठा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा श्रेणी आणि अनुदान मिळतं, त्यामुळे तालुक्याच्या गावी एखादं तरी असतंच, आणि बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो. काही तर फार जुनी आहेत : नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. पणजीतल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात तर १८३२ सालची, आणि तिथे मुलांसाठी वेगळा विभाग आहे. वर्गणी मोठी नसते. मुलाचं सभासदत्व मुलाच्याच नावावर घ्या, कार्ड त्याच्याच खिशात राहू द्या. देवघेवीच्या टेबलापाशी तुम्ही चार पावलं मागे उभे राहा, बोलू द्या त्यालाच. पुस्तक फाटलं तर चिकटपट्टी लावायची घाई करू नका, आमच्याकडे आणून द्या. घरची चिकटपट्टी वर्षभरात पिवळी पडून पान घेऊन सुटते.

घरबसल्या मिळणारं : 'बालभारती'चं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून चित्रगोष्टी मोफत आहेत, मराठीतही भरपूर, आणि वाचनाच्या पातळीनुसार चार स्तरांत लावलेल्या. त्या छापून, शिलाई मारून पुस्तक करता येतं. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं अजूनही खिशाला परवडतात. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर भिलारला अर्धा दिवस ठेवा. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत, ओसरीवर पुस्तकं मांडलेली असतात आणि बसून वाचायला पैसे पडत नाहीत.

निवडताना मुखपृष्ठावर भाळू नका. आत टाइप मोठा आहे का, ओळींत मोकळी जागा आहे का, वाक्य पानाच्या मधोमध तुटून दुसऱ्या पानावर गेलंय का ते बघा. भाषा 'केले, गेले, होते'ची आहे की 'केलं, गेलं, होतं'ची? घरी बोलतो तशी भाषा असली की नवख्या वाचकाचं निम्मं ओझं उतरतं. आणि चकचकीत कागदावर हिंदीवरून घाईत उतरवलेली पुस्तकं टाळा. एक पान मोठ्यानं वाचा, जीभ अडली तर परत ठेवा.

घरात किती पुस्तकं असावीत? २७ देशांतल्या आकडेवारीवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाचशे पुस्तकांच्या घरातली मुलं पुस्तकं नसलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त शिकलेली दिसली, आईवडिलांचं शिक्षण सारखं धरूनही. पाचशे ऐकून दडपून जाऊ नका, वीस पुस्तकांनीही फरक पडतो असं त्याच अभ्यासकांचं म्हणणं. मात्र ती काचेच्या कपाटात कुलूपबंद नकोत. मुलाच्या हाताला येतील अशा उंचीवर, फळीवर, खिडकीत, पलंगाच्या कडेला.

पाचवी पायरी : वाचू लागलेल्या मुलाच्या वाटेतून बाजूला होणं

तिसरी-चौथीत कधीतरी वाचन सुटसुटीत होतं. इथून पुढे शिकवायचं काम संपतं, आणि पालकांना नेमकं तेच जमत नाही. मुलाला भुतांच्या गोष्टी हव्या असतात, विनोदांची पुस्तकं, क्रिकेटपटूंची चरित्रं, एकाच लेखकाची तीसच्या तीस पुस्तकं. वाचू द्या. मालिका वाचणारी मुलं मला आवडतात. पात्रं ओळखीची, भाषा ओळखीची, त्यामुळे वेग झपाट्यानं वाढतो.

आणि कृपा करून तात्पर्य विचारू नका. "या गोष्टीतून काय शिकलास?" हा प्रश्न परीक्षेपुरता ठीक आहे. आमच्या आधीच्या पिढीला 'चांदोबा'नं वेड लावलं होतं, मराठीत तो १९५२ पासून येत असे. त्यात वेताळ दर वेळी प्रश्न विचारायचा खरा, पण विक्रमाला. आम्हाला सूट होती. बोलायचंच असेल तर तुम्ही काय वाचताय ते सांगा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळांत थाटात होतो, पुस्तकाबरोबर फोटोही निघतात, चांगलंच आहे. पण घरात बाबा कधीच वाचताना दिसले नाहीत तर त्या एका दिवसाचा फारसा उपयोग नाही.

पूर्ण न करता पुस्तक सोडायची परवानगी मुलाला हवीच. मोठी माणसं निम्मी पुस्तकं अर्धवट सोडतात आणि मुलाला मात्र "घेतलंयस तर संपव" म्हणतात.

अडलं तर

सगळं करूनही दुसरीच्या अखेरीस अक्षरंच ओळखू येत नसतील, कालचं पक्कं झालेलं आज पुसलं जात असेल, बोलण्यात हुशार आणि वहीत शून्य असा प्रकार असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणीची तपासणी करून घ्या. 'आळशी आहे', 'लक्ष देत नाही' यात एक-दोन वर्षं जातात आणि तीच सगळ्यात मोलाची असतात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत सवलती मागता येतात. मुंबईतली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून याच कामात आहे. अशा मुलांसाठी बोलती पुस्तकं फार कामाची : कानानं गोष्ट ऐकायची आणि बोट छापलेल्या ओळीवरून फिरवायचं. वाचनाचा वेग यायला वेळ लागेल, पण तोवर गोष्टींची उपासमार नको.

स्वतःला वाचता येत नाही असे आईवडीलही आमच्याकडे येतात आणि संकोचून दाराशी उभे राहतात. त्यांना मी सांगते, तुमचं काम तर सोपं आहे. रात्री भाकऱ्या झाल्या की मुलाला म्हणा, "वाच बघू, ऐकते मी." चुका तुम्हाला काढता येणार नाहीत, त्यामुळे मूल बिनधास्त वाचेल. गोष्ट कळली नाही तर "म्हणजे काय झालं?" असं खुशाल विचारा; समजावून सांगण्यासाठी त्याला ती परत वाचावी लागेल. आणि पुस्तक बदलायची तारीख तेवढी त्याच्याकडून कॅलेंडरवर लिहून घ्या, म्हणजे उशिराचा दंड पडणार नाही.